अण्णांची चिठ्ठी

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांपैकी एका रस्त्यावरील आडत दुकानात अण्णांनी आयुष्यातील चव्वेचाळीस वर्षे मुनीमकी केली. तुरीचा भाव पडला की शेतकऱ्याच्या हातातील हिशेबपट्टी जड वाटू लागते आणि भाव चढला की तीच पट्टी तो घडी न घालता खिशात ठेवतो, असे ते म्हणत. कागदावर लिहिलेला आकडा माणसाचे काय करतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. कदाचित त्यामुळेच निवडणूक आली की नातेवाइकांना अण्णांची चिठ्ठी हवी असे.

चिठ्ठी साधीच असे. दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानाची कोरी बाजू, मध्ये उभी रेघ, डावीकडे उमेदवाराचे नाव व निशाणी, उजवीकडे ‘का’. लातूरमधील दोन चुलत घरे, नांदेडला दिलेली मुलगी आणि लोहा तालुक्यातील गावी किराणा दुकान चालविणारा धाकटा भाऊ, एवढ्यांना ती जाई. पूर्वी पोस्टाने किंवा एस.टी.ने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती, अलीकडे मोबाइलवर छायाचित्र काढून.

ही प्रथा सुरू झाली १९६७ साली. मतदानाचे वय तेव्हा एकवीस होते आणि अण्णांचे एकविसावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते. लोकसभा आणि विधानसभा या दोन्हींचे मतदान एकत्र असल्याने हाती दोन मतपत्रिका येणार होत्या. घरातील बायकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या आईने १९५२ची पहिली निवडणूक पाहिली होती. निजामाच्या राजवटीतून सुटून जेमतेम साडेतीन वर्षे झाली होती आणि त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. कागद ज्याच्या पेटीत टाकला त्याला मत. आता एकाच कागदावर अनेक चित्रे आणि त्यांतील एकावर शिक्का, हा प्रकार त्या माउलीला गोंधळाचा वाटला. अण्णांनी कागदावर निशाण्या काढून दिल्या. बैलजोडी काढताना एका बैलाला शिंगे काढायची राहिली, म्हणून घरात बराच काळ हसू झाले. आईने कागद निरखून पाहिला व विचारले, “यालाच का?” अण्णांना उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मध्ये रेघ ओढून उजवीकडे कारण लिहिले. चिठ्ठीतील ‘का’ हा असा आईच्या प्रश्नातून आलेला आहे.

पुढे कारणे अधिक काटेकोर होत गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३च्या निर्णयांनंतर उमेदवारांना आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे शपथपत्रावर जाहीर करणे भाग पडले, तेव्हा अण्णांना जणू नवी खातेवही सापडली. पाच वर्षांपूर्वीचे शपथपत्र आणि आताचे, दोन्ही शेजारी मांडून ते जमेची बाजू तपासत. उत्पन्न इतके आणि जमीन तितकी वाढली असेल, तर मधला फरक कोठून आला, हा मुनिमाचा प्रश्न. शासकीय देणी थकलेली आहेत का, हा दुसरा. पक्ष कोणता, हे ते सर्वांत शेवटी पाहत. त्यामुळे त्यांच्या चिठ्ठीवर एका निवडणुकीत एक निशाणी तर दुसरीत वेगळी असे आणि नातेवाइकांत, “अण्णा नेमके कोणाचे?” असा वाद रंगे.

या दोन्ही जिल्ह्यांतील मतदार तरी नेमका कोणाचा होता? नांदेड म्हणजे शंकरराव चव्हाणांचे, लातूर म्हणजे शिवराज पाटील व विलासराव देशमुखांचे, असे बाहेरची मंडळी म्हणत आली. परंतु लातूरने १९९५ मध्ये विलासरावांना विधानसभेत पाडले, १९९९ मध्ये पुन्हा निवडून दिले आणि त्याच वर्षी ते मुख्यमंत्री झाले. सलग सात वेळा लोकसभेवर गेलेल्या शिवराज पाटलांचा २००४ मध्ये येथेच पराभव झाला. नांदेडने १९८९ मध्ये जनता दलाच्या व्यंकटेश काबदे यांना दिल्लीस पाठविले आणि २०१९ मध्ये अशोक चव्हाणांना घरी बसविले. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये तर धीरज देशमुखांच्या खालोखाल, दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हताच. तेथे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला २७,५०० मते पडली होती. पाच वर्षांनी त्याच मतदारसंघात धीरज देशमुख हरले आणि रमेश कराड निवडून आले. या मातीतला माणूस ऐकून सर्वांचे घेतो, हे अण्णांना ठाऊक होते. आपले मात्र सगळे जण ऐकतात, असा एक लहानसा अभिमान त्यांना होता, हेही सांगितले पाहिजे.

एकदा मंदिराच्या सभागृहात काही मान्यवरांनी सूचना मांडली की, समाजाने एकमुखाने एका उमेदवाराचे नाव ठरवावे व तसे सर्व घरांना कळवावे. २०११च्या जनगणनेनुसार देशभरात जैन सुमारे साडेचव्वेचाळीस लाख, त्यांपैकी चौदा लाख महाराष्ट्रात, आणि मराठवाड्यात तर विखुरलेली घरे. तेव्हा गठ्ठा बांधला तरच कोणी दखल घेईल, असा युक्तिवाद होता. अण्णा उभे राहिले. धर्माच्या नावे मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ (३) कलमाखाली भ्रष्ट आचार ठरतो. महाराष्ट्रातील सांताक्रूझच्याच एका जुन्या निवडणुकीच्या प्रकरणात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्या कलमाचा अर्थ अधिक व्यापक केला आहे. उद्या उमेदवाराच्या संमतीने असे पत्रक निघाले तर त्याची निवडच धोक्यात येईल, हे त्यांनी शांतपणे सांगितले. मग म्हणाले, “गठ्ठा बांधला की त्याला भाव लागतो. आडतीत आयुष्य गेलंय माझं, मला माहीत आहे.” सूचना बारगळली. घरी परतताना एका तरुणाने त्यांना सहज विचारले, “मग अण्णा, तुमची चिठ्ठी म्हणजे लहान गठ्ठाच की नाही?” तिच्यात ‘का’ लिहिलेला असतो, एवढेच उत्तर त्यांना सुचले. ते अगदीच अपुरे नव्हते. पण पुरेसेही नव्हते.

ज्या चिठ्ठीमुळे अण्णांची झोप उडाली, ती कोणत्याही उमेदवाराविषयी नव्हती. आपल्याकडे लोकांनी एखाद्या प्रश्नावर थेट मत द्यावे असे प्रसंग फार थोडे येतात. महाराष्ट्रात तसा एक प्रसंग कायद्याने निर्माण केला आहे, आणि त्याचे लौकिक नाव आहे ‘उभी बाटली, आडवी बाटली’. राज्य शासनाच्या २००८च्या आदेशानुसार गावातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर दारूचे दुकान ठेवायचे की बंद करायचे, यावर गुप्त मतदान घेतले जाते. कागदावर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मात्र यात एक मेख आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मते मिळून भागत नाही; यादीत नाव असलेल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. घरी राहिलेली, माहेरी गेलेली, मजुरीला परगावी असलेली, इतकेच काय, यादीतून नाव न वगळलेली मृत स्त्रीसुद्धा उभ्या बाटलीच्या बाजूस मोजली जाते. ऊसतोडीला अर्धी वस्ती बाहेर पडणाऱ्या भागात या अटीचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको.

लोहा तालुक्यातील त्या गावात अशी मागणी झाली. बायका घरोघरी फिरून सह्या आणि अंगठे घेत होत्या. अण्णांच्या धाकट्या भावाच्या पत्नीनेही सही केली. अडचण एवढीच होती की, देशी दारूचे ते दुकान ज्या गाळ्यात होते, तो गाळा भावाचा होता. “मी दारू विकत नाही, मी गाळा दिला आहे,” असे तो म्हणे. भाडे वेळेवर येई. त्यातूनच दरवर्षी दशलक्षण पर्वात मंदिरात तो भरघोस दान बोले आणि सभेत टाळ्या पडत.

मतदानाच्या आठवडाभर आधी भावजयीने निरोप पाठविला: “भाऊजींना म्हणावं, चिठ्ठी पाठवा.” अण्णांनी दिनदर्शिकेचे पान घेतले, रेघ ओढली. डावीकडे दोन बाटल्या काढल्या. उजवीकडे काय लिहावे? मद्य, मांस, मधाचा त्याग हा श्रावकाच्या अष्ट मूलगुणांतला आरंभ. तेथे कारण शोधावे लागत नव्हते. पण भावाचे भाडे, त्याच्या मुलाचे चालू असलेले अभियांत्रिकीचे शिक्षण, वडिलोपार्जित वाटणीनंतर दोघांत कसाबसा सांधलेला जिव्हाळा, हे सारे त्या उजव्या बाजूस गर्दी करू लागले. दोन रात्री कागद तसाच उशाशी राहिला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी खाली एक ओळ लिहिली, ‘याबाबत ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवावे,’ आणि चिठ्ठी पाठवून दिली. आपण कोणाचीच बाजू घेतली नाही, याचे त्यांना समाधान वाटले. अनेकांत जाणणाऱ्या माणसाला असे समाधान लवकर मिळते.

मतदान झाले. आडव्या बाटलीला उभीपेक्षा कितीतरी अधिक मते पडली, आणि तरीही दुकान चालू राहिले. एकूण यादीच्या निम्म्याला मोजकी मते कमी पडली होती.

भाद्रपद वद्य प्रतिपदेला, क्षमावणीच्या दिवशी, अण्णा सपत्नीक गावी गेले होते. सर्वांनी एकमेकांना हात जोडले. भावजय नमस्कार करून उठली आणि म्हणाली, “भाऊजी, तुमच्याविषयी मनात राग धरला होता, त्याची क्षमा मागते.” अण्णांना कळेना. ती सांगू लागली. चिठ्ठी आली तेव्हा भावाने ती घरात सर्वांना वाचून दाखविली होती. “दादांनीसुद्धा लिहिलं नाही, म्हणजे त्यांच्याही मनात नाही. उगाच कशाला जायचं?” एवढे त्याचे म्हणणे. घरातल्या चार स्त्रिया गेल्या नाहीत. त्या गेल्या नाहीत म्हणून गल्लीतील आणखी काही थांबल्या. गाळामालकाच्या घरातूनच कोणी आले नाही, तर आपण कशाला वैर घ्यायचे? जिने सही केली होती, ती स्वतः त्या दिवशी दारातून रांगेकडे पाहत उभी होती. “विरोधात तर कोणीच बोललं नाही,” ती म्हणाली, “नुसतं घरीच बसलो.”

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातील आस्रवाचा हिशेब अण्णांना लहानपणापासून आवडे, कारण तो हिशेब होता. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमत हे तीन. आणि चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. जपमाळेचे मणी या हिशेबाने मोजतात, हे ते नातवंडांना कौतुकाने सांगत. त्या दिवशी परतीच्या एस.टी.त त्यांनी हा गुणाकार पुन्हा केला असावा. दारू त्यांनी प्यायली नव्हती, पाजली नव्हती. पण अनुमत या तिसऱ्या रकान्यात आपली कोरी जागा कोणी भरली, हे त्यांना आता दिसत होते. लातूर येईपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत, एवढे त्यांच्या पत्नीला आठवते.

त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या नाहीत, पण त्यांचे रूप बदलले. उजवा रकाना मोठा झाला, डावा लहान. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा नळाला पाणी नसलेल्या घरातून अण्णा ती पाहायला स्थानकावर गेले होते. पुढच्या वर्षी एप्रिलात महापालिकेचे मतदान होते. एका प्रभागात अनेक जागा, प्रत्येक जागेसाठी निराळे मत. त्या चिठ्ठीत नाव एकही नव्हते. पाण्याविषयी प्रत्येक उमेदवाराला विचारावयाचे पाच प्रश्न तेवढे होते. नातेवाइकांचा विरस झाला. एका चुलत भावाने स्पष्टच सांगितले, “अण्णा, प्रश्न आम्हालाही पडतात. उत्तर सांगा.”

२०२४ साली नांदेडवर विचित्र प्रसंग आला. २६ एप्रिलला लोकसभेचे मतदान होऊन वसंतराव चव्हाण निवडून आले. २६ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच, २० नोव्हेंबरला ठरली. अण्णांच्या मुलीला पुन्हा दोन मते होती, जशी अण्णांना १९६७ मध्ये होती: लोकसभेसाठी पांढरी मतपत्रिका लावलेले यंत्र, विधानसभेसाठी गुलाबी. लोह्याच्या काकांना मात्र एकच. लोहा जिल्ह्याने नांदेडात असला, तरी लोकसभेपुरता लातूरला जोडलेला आहे, आणि लातूरला पोटनिवडणूक नव्हती. मुलीने फोन केला. “अण्णा, या वेळी गोंधळ आहे. घरात दोन मतं, चार मतदार आणि सहा मतप्रवाह. नावं सांगून टाका.”

अण्णांनी नातवाकडून शपथपत्रे काढून घेतली, दोन दिवस बसून दोन्ही निवडणुकांतील मुख्य उमेदवारांची माहिती एका पानावर आणली. मालमत्ता, देणी, गुन्हे, आधीच्या कामाचा सार्वजनिक तपशील. शेवटचा रकाना रिकामा होता. संध्याकाळी मुलीचा फोन आला. आवाजात राग होता. “मी निकाल मागितला होता, तुम्ही दाखला पाठवलात. तीस वर्षं बोट धरून नेलं आणि आता दारात सोडून देता? गावी काकूंना तुम्ही असाच कोरा कागद दिला होता.”

बराच वेळ पलीकडे काही ऐकू आले नाही. मग अण्णा म्हणाले, “तेव्हा मला उत्तर माहीत होतं, बाई. माहीत असून लिहिलं नाही. आता खरंच दोन्ही बाजूंना वजन दिसतंय. ते तुला खोटं नाव लिहून कसं देऊ?” मुलीने विचारले, “मग तुम्ही नांदेडला असता तर?” अण्णांनी सांगितले: दोन्ही नावे, दोन्हींची कारणे, आणि एका नावाबाबत अजून मनात असलेली शंकाही. ती दोन नावे एका आघाडीची नव्हती. “हे माझं मत झालं,” ते पुढे म्हणाले. “तू त्याच्या विरुद्ध दिलंस तर मला सांगू नकोस असं नाही. पण सांगायची सक्ती नाही. आणि घरातल्या सुनेला माझं नाव घेऊन काही सांगू नकोस. तिला कागद दे.”

२३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली. लोकसभेची आघाडी दिवसभर हेलकावे खात होती. अखेरीस वसंतरावांचे पुत्र रवींद्र चव्हाण यांनी भाजपचे डॉ. संतुकराव हंबर्डे यांचा १,४५७ मतांनी पराभव केला. आणि त्याच लोकसभा क्षेत्रातील सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. एकाच रांगेत उभे राहून, एकाच बोटाला शाई लावून हजारो मतदारांनी दोन यंत्रांवर दोन दिशांची बटणे दाबली होती. जावई फोनवर हसत म्हणाले, “अण्णा, तुमच्यासारखी चिठ्ठी आणखी कोणीतरी वाटत असणार.” मुलीने आपण काय केले ते सांगितले नाही. अण्णांनी रांग किती मोठी होती, तेवढे विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोह्याहून भावजयीचा फोन आला. अण्णांना वाटले, निकालाविषयी असेल. तिला निकालाशी कर्तव्य नव्हते. गावात बायका पुन्हा सह्या गोळा करू लागल्या होत्या. भाऊ यंदा काही बोलत नव्हता. मुलगा नोकरीला लागला होता आणि भाडेकरार संपत आला होता. चिठ्ठी नको, असे तिने आधीच सांगून टाकले. “त्या नियमाचं कात्रण तुमच्याकडे होतं ना, भाऊजी? एकूण यादी धरतात की आलेली मतं, यावरून इथे वाद चाललाय.”

अण्णांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. कात्रण सापडायला दुपार झाली. ते फार पुसट झाले होते, छायाचित्रात वाचता आले नसते. म्हणून त्यांनी दिनदर्शिकेचे पान फाडले आणि नियम मोठ्या अक्षरांत उतरवून काढला. ‘एकूण’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. खाली, कोणी मागितले नसताना, एक आडवी बाटली काढली, शेजारी आपले नाव लिहिले, आणि नातवाला हाक मारली.